खाटेची लांबी

संरक्षण खात्याच्या खरेदी विभागात त्याला सगळे 'तूर्तास' म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या कष्टाने कमावले होते. दर तिमाहीला खात्याच्या खरेदीवर जाहीर सुनावणी होई. तिथे नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्याचे प्रत्येक उत्तर याच शब्दाने सुरू होई. तूर्तास माहिती उपलब्ध नाही. तूर्तास बाब विचाराधीन आहे. तूर्तास एवढेच सांगता येईल. एकदा कॅन्टीनवाल्याने चहाचे विचारले तेव्हाही तो "तूर्तास नको" म्हणाला आणि टेबलावरचे सगळे खो-खो हसले. ते का हसले, हे त्याला जेवणाच्या सुट्टीत कळले.

सुनावणीचा कायदा तसा नवा होता. सैन्यासाठी जे विकत घेतले जाते ते जनतेच्या पैशातून, तेव्हा जनतेला त्याबद्दल विचारता आले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. एका सुनावणीत एका नागरिकाला एक प्रश्न. पहिल्या सुनावणीला सभागृहात उभे राहायला जागा नव्हती. पुढे लोकांच्या लक्षात आले की प्रश्न विचारायला मिळतो, उत्तर मिळेलच असे नाही. गर्दी ओसरली. आता ठरलेली मंडळी येत. युद्धाची मुळात गरज आहे का, असे दर वेळी विचारणारे एक निवृत्त प्राध्यापक; हेलिकॉप्टरच्या आवाजाने कबुतरे बावरतात, अशी तक्रार असलेले एक गृहस्थ; सभागृह थंड असते म्हणून येणारे दोन-तीन वार्ताहर; आणि पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून बसलेली त्याची अगदी ठेंगणी सख्खी आत्या.

आत्याने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. हेडफोन लावून लोकांच्या तारा जोडून देणे हे तिचे काम. एक्स्चेंज यांत्रिक झाले, ती निवृत्त झाली, पण सवय गेली नाही. समोरचा बोलता बोलता अडखळला की ती म्हणे, "बोला, लाइन चालू आहे." आपण कधी कुणाची लाइन मधेच तोडली नाही, हा तिचा एकमेव अभिमान होता आणि तो ती कुणालाही, विचारले नाही तरी सांगे.

विमाने, पाणबुड्या यांच्याबद्दल ती कधी विचारत नसे. "मोठ्या वस्तू मोठी माणसं बघतील," ती म्हणे. "मी आपली मला उचलता येतील तेवढ्याच बघते." अशा उचलता येणाऱ्या वस्तूंत तिने बरेच काही उचलले होते. सैन्याने विजेऱ्या एका वर्षी घेतल्या आणि त्यांचे सेल पुढच्या वर्षी, हे तिनेच विचारून बाहेर काढले. मधल्या वर्षात विजेऱ्यांचे काय केले, यावर भाच्याने उत्तर दिले होते, "तूर्तास त्या सुस्थितीत ठेवण्यात आल्या." वार्ताहरांनी ते वाक्य जसेच्या तसे छापले.

हे नाते त्याने खात्याला लेखी कळवले होते. खात्याने विचार करून उत्तर दिले की नातेवाईकाला प्रश्न विचारायला बंदी नाही आणि नातेवाईकाला उत्तर न द्यायलाही नाही.

तो, त्याची बायको आणि आत्या एकाच घरात राहत. घर आत्याचे होते. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला या घरात आणून मोठे केले होते. बायको दातांची डॉक्टर. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर एका बाजूला खाते आणि दुसऱ्या बाजूला जनता, असा देखावा तिने आठवडाभर पाहिला आणि मग नियम केला. घरात सुनावणी नाही. जो विषय काढेल त्याने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. "मी तुमच्या दोघांच्या मधे बसून जेवते," ती म्हणाली, "समितीच्या मधे नाही."

नियम आजवर दोघांपैकी कुणीही मोडला नव्हता. दोघेही एकाच मातीचे हट्टी. भांडी बायकोच घासत आली होती आणि नियम करताना ही बाजू आपल्या लक्षात कशी आली नाही, याचे तिला नवल वाटे.

आता खाटेबद्दल.

राखीव साठ्यासाठी सैन्याने घडीच्या खाटा घेतल्या होत्या. एका खाटेच्या पैशात घरातले तिन्ही पलंग गाद्यांसकट आले असते आणि वर पडदे शिवून झाले असते. आत्याने मागच्या सुनावणीत किंमत विचारली नाही. ती जाहीरच होती. तिने विचारले, "खाटेची लांबी किती?"

"तूर्तास," भाचा म्हणाला, "ती माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येणार नाही."

"लांबीत कसली आली सुरक्षा?"

सुरक्षा शाखेने लिहून दिलेला कागद त्याने वाचला. "लांबी जाहीर केल्यास आपल्या सैनिकांच्या सरासरी उंचीचा शत्रूला अंदाज येऊ शकतो."

"शत्रूकडे दुर्बीण नाही वाटतं," आत्या म्हणाली.

सुनावणी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ताडमाड उंच माणूस. हसू आले की ते खोकत. त्या दिवशी ते बराच वेळ खोकले आणि प्रश्न पुढच्या सुनावणीत पुन्हा घ्यावा, त्या वेळी खाट सभागृहात आणावी, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळी जेवताना आत्या म्हणाली, "आज सभागृहात पंखा छान फिरत होता."

"हे चालेल का?" त्याने बायकोला विचारले.

"पंखा चालेल. सभागृह नको."

पण लांबी त्याच्या डोक्यातून जाईना. आजवर त्याने आत्याच्या प्रश्नांची बरीच उत्तरे टाळली होती, ती माहीत असून. हे उत्तर त्याला खरोखरच माहीत नव्हते. रविवारी दुपारी तो आपल्याच पलंगावर आडवा-उभा होऊन वितीने लांबी मोजताना बायकोला सापडला. "तब्येत बरी आहे ना?" तिने विचारले. त्याने "तूर्तास" एवढेच म्हटले.

सोमवारी त्याने करार काढला. करारात लिहिले होते : लांबी, सीलबंद नमुन्याप्रमाणे. रुंदी, सीलबंद नमुन्याप्रमाणे. मग तो तळमजल्यावर नमुन्यांच्या खोलीत गेला. खात्याची पद्धत अशी होती की कुठलीही वस्तू घेण्याआधी पुरवठादार एक नमुना देई. तो पसंत पडला की त्याला दोरी बांधून लाखेचे सील ठोकत आणि पुढे येणारा सगळा माल त्या नमुन्याशी जुळवून घेत. कुणी नमुना बदलू नये म्हणून सील. खाट कॅनव्हासच्या पिशवीत घडी करून फळीवर उभी होती. दोरी पिशवीच्या तोंडावरून दोन वेळा फिरवलेली, गाठीवर लाख. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिले होते : लांबी, करारानुसार.

त्याने ती दोनदा वाचली. मग तो माल तपासणाऱ्या निरीक्षकाकडे गेला.

"सगळ्या खाटा मी स्वतः तपासल्यात साहेब," निरीक्षक म्हणाला. "नमुन्याशेजारी उभी करायची. उंची, जाडी, वजन, रंग. तंतोतंत. या खात्यात इतका तंतोतंत माल मी पाहिला नाही."

"उघडून तपासली?"

निरीक्षकाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्याने शर्ट काढायला सांगितले होते. "उघडून कशाशी जुळवणार? नमुन्याला सील आहे ना. नमुना बंद, तर मालही बंदच जुळवायला हवा."

"म्हणजे एकही खाट अजून कुणी उघडलेली नाही?"

"राखीव साठा आहे साहेब," निरीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाला. "युद्ध झालं की उघडतील."

त्याच आठवड्यात संचालकबाईंनी त्याला बोलावले. बाई हुशार होत्या आणि कधी आवाज चढवत नसत. त्यांच्या टेबलावर दोन कागद पालथे ठेवलेले होते.

"उपसंचालकाची जागा रिकामी झालीय," त्या म्हणाल्या. "इथलीच, याच मजल्यावरची. खिडकी आहे."

"हो मॅडम."

"दुसरी एक जागा सीमेकडच्या गोदामावर आहे. तिथे कुणी टिकत नाही. कुटुंबाला राहायची सोय नाही, धूळ फार. दोन्हीसाठी तुमचं नाव टाइप झालंय. एकावर सही करायचीय."

तो पालथ्या कागदांकडे पाहू लागला.

"खाट सुनावणीत जाऊ दे. बघू देत. हात लावू देत. पण सील तुटता कामा नये. सील तुटलं की नमुना रद्द. नमुना रद्द झाला की आजवर घेतलेला माल आपण कशाशी जुळवून घेतला, याला उत्तर नाही. तुमच्या आत्याबाईंना हे समजावता येईल ना?"

"सुनावणीत त्या नागरिक आहेत मॅडम."

"नागरिक असू देत. सकाळचा चहा तुमच्याबरोबरच घेतात ना?"

घरात हा विषय काढता येत नव्हता. म्हणून नवरा-बायकोची अशी बोलणी फाटकाबाहेर फुटपाथवर, दिव्याच्या खांबाखाली होत. शेजाऱ्यांचा समज झाला होता की या दोघांचे पटत नाही, पण भांडण घरात न्यायचे नाही एवढी रीत पाळतात.

"गोदामावर गेलास तर माझा दवाखाना इथेच राहणार," बायको म्हणाली. "आत्यांचे गुडघे बघतोयस तू. जिना उतरताना कठड्याला किती धरतात ते."

"माहितेय."

"आणि एवढं काय आहे त्या खाटेत? मी दिवसभर लोकांना 'उघडा' म्हणते. सील तुटेल असं एकही पेशंट म्हणत नाही."

"मी आत्याला काही सांगणार नाही," तो म्हणाला.

"तू नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर बायको आत्याला घेऊन फाटकाबाहेर आली. नियम तो नियम. खांबाखाली उभे राहून तिने सगळे सांगितले. इथली खिडकी आणि तिकडची धूळ. आत्याने पर्सचा बंद उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"हं," ती म्हणाली.

"म्हणजे काय आत्या?"

"म्हणजे ऐकलं."

सुनावणीच्या दिवशी सकाळी आत्याने नेहमीप्रमाणे चहा केला, त्याच्या पावाला लोणी लावून दिले आणि तो जिना उतरत असताना वरून म्हणाली, "टायची गाठ वाकडी आहे." ती वाकडी नव्हती. त्याने खाली जाऊन आरशात पाहिली.

सभागृहात खाट ट्रॉलीवरून आली. हिरवे कापड अंथरलेल्या टेबलावर तिला उभे केले. मागे नमुन्यांच्या खोलीतला शिपाई तिच्यावर डोळा ठेवून उभा. पुरवठादाराने आपला प्रतिनिधी पाठवला होता, स्वच्छ दाढी केलेला, अत्यंत नम्र तरुण. संचालकबाई दुसऱ्या रांगेत. त्यांच्या बॅगेत दोन्ही कागद असावेत, असे भाच्याला उगीचच वाटून गेले.

प्राध्यापकांनी युद्धाची गरज विचारली. तूर्तास ती धोरणात्मक बाब असल्याचे त्यांना सांगण्यात आले. मग आत्याचे नाव पुकारले गेले.

ती उठली. माइकचा लाल दिवा लागला. तिने आधी खाटेकडे पाहिले, मग भाच्याकडे. भाच्याने समोरच्या कागदांच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"मी माझा प्रश्न मागे घेते," आत्या म्हणाली.

डुलकी घेत असलेल्या एका वार्ताहराने मान वर केली. अध्यक्षांना वाटले आपल्याला नीट ऐकू आले नाही. "मागे घेता? कारण?"

"घरगुती."

"घरगुती," अध्यक्षांनी तो शब्द दोन बोटांत धरून उजेडात बघावा तसा उच्चारला. "बरं. नोंद घ्या. पुढचा प्रश्न."

कबुतरवाले गृहस्थ घसा साफ करत उठले. संचालकबाईंनी चष्मा पुसायला घेतला. भाच्याच्या छातीवरचे ओझे उतरायला हवे होते. खिडकी मिळाली होती. फक्त सही राहिली होती.

पण तो आत्याकडे बघत होता. ती खाली बसली होती आणि पर्स तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिचा चेहरा त्याने आजवर चिडलेला पाहिला होता, थकलेला पाहिला होता, त्याच्या आजारपणात जागून सुजलेला पाहिला होता. असा पाहिला नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिने लाइन मधेच तोडली होती आणि ती त्याच्यासाठी तोडली होती.

आणि लांबी अजूनही कुणाला माहीत नव्हती.

"अध्यक्ष महोदय," तो उठून म्हणाला. "तूर्तास..."

सभागृह पुढच्या शब्दांची वाट पाहू लागले. कबुतरवाले उभेच राहिले.

"तूर्तास काय?" अध्यक्षांनी विचारले.

"बोला," पहिल्या रांगेतून हलकेच आवाज आला. "लाइन चालू आहे."

"खाटेची लांबी मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी करारात पाहिली, करार म्हणतो नमुना बघा. नमुना म्हणतो करार बघा. सुरक्षेचं कारण आम्ही दिलं, पण लपवायला आधी लांबी माहीत हवी ना. ती खात्यात कुणालाच माहीत नाही. मला ती बघायचीय."

"प्रश्न मागे घेतला गेलाय," संचालकबाई शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्षांनी नियमांचे पुस्तक उघडले, बोट फिरवले. "समितीसमोर नमुना उघडण्याचा अधिकार सादर करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. स्वतःच्या जबाबदारीवर." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "समितीने उघडायला सांगितलेलं नाही, हे नोंदीत स्पष्ट येऊ द्या. तुमची जबाबदारी."

"माझी," भाचा म्हणाला.

दोरी कापायला काही मिळेना. कबुतरवाल्यांनी खिशातून छोटा चाकू काढून दिला. चाकू सभागृहात आत कसा आला, हा प्रश्न सुरक्षा शाखेला नंतर बराच काळ पुरला. लाख तडकली, तिचे तुकडे हिरव्या कापडावर सांडले. शिपायाने डोळे मिटून घेतले.

खाट पिशवीतून निघून जमिनीवर आली. कोरी, चकचकीत. भाच्याने एक बाजू धरून ओढली. सांधा टकदिशी बसला. दुसरी बाजू ओढली. पुन्हा टक. खाली चारही पाय सुटले आणि भक्कम उभे राहिले. बिजागऱ्यांत तेल होते, शिवण सुबक होती, कुठे कुरकुर नाही. खरोखरच चांगली खाट होती. सगळे पुढच्या टकची वाट पाहत राहिले.

"अजून आहे का?" अध्यक्षांनी विचारले.

भाच्याने खाली वाकून पाहिले. "नाही."

"एवढीच?"

"एवढीच."

अध्यक्ष व्यासपीठावरून उतरून आले आणि खाटेजवळ उभे राहिले. उभी केली तर ती त्यांच्या छातीच्या वर गेली असती की नाही, शंकाच होती. "कुणीतरी झोपून बघा," ते म्हणाले. एक वार्ताहर झोपला. त्याचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर लोंबू लागले. त्याने पाय पोटाशी घेतले आणि त्याच्या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने ते टिपले.

"खाट उघडली," प्राध्यापक म्हणाले, "तर सैनिकाची घडी घालावी लागतेय."

"थांबा, मी बघते," आत्या म्हणाली. तिने चपला काढल्या, भाच्याच्या खांद्याला धरून खाटेवर बसली आणि आडवी झाली. डोके एका टोकाला, टाचा दुसऱ्या. ना उणे ना जास्त.

"कशी आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"झकास. माझीच मापं घेऊन केल्यासारखी," ती छताकडे बघत म्हणाली. "पण मला भरती कोण करणार?"

अध्यक्ष खोकले नाहीत. सरळ हसले. मग त्यांनी पुरवठादाराच्या प्रतिनिधीला पुढे बोलावले.

"सर, हा आमचा दाखवायचा नमुना," तो नम्र तरुण म्हणाला. "प्रदर्शनात न्यायला सोपा पडतो म्हणून पाऊण मापाचा करतो. बैठकीत आमच्या माणसाने तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना पसंत पडला आणि चहा संपेपर्यंत त्याला सील लागलंसुद्धा."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो सर. लगेच विचारलं की नमुना बदलू का. उत्तर आलं की मंजूर नमुन्यापासून तसूभरही फरक चालणार नाही. आम्ही तसूभरही केला नाही."

"किंमत मात्र पूर्ण खाटेची घेतलीत."

"करारात किंमत स्पष्ट होती सर," तरुण म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच खेद होता. "लांबी स्पष्ट नव्हती."

निरीक्षक मागच्या रांगेत बसला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "पण तंतोतंत होता की नाही माल?" आणि त्यात खोटे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वृत्तपत्रांत वार्ताहराचे पाय आले. उरलेल्या खाटांचे पैसे थांबवले गेले. खाटा बदलून देण्याबद्दल पुरवठादाराशी बोलणी सुरू झाली. ती अजून चालू आहेत. संचालकबाईंनी निवेदन काढले की खात्याच्या पारदर्शक कारभारामुळेच ही बाब उजेडात आली. त्याच दुपारी त्यांनी दोनपैकी एका कागदावर सही केली. गोदामातली प्रत्येक खाट आता उघडून मोजायची होती आणि त्यासाठी विषयाची जाण असलेला अधिकारी हवा, असे त्यात म्हटले होते. भाच्याला त्यांनी स्वतः बोलावून तो दिला आणि "धुळीला जपा" म्हणाल्या. ते त्या मनापासून म्हणाल्या असाव्यात.

त्या संध्याकाळी फाटकाबाहेर आत्या आणि भाचा उभे होते. खांबाखाली दोघे एकत्र कधी आले नव्हते. शेजारच्या बाई कपडे काढायला म्हणून गॅलरीत आल्या त्या तिथेच राहिल्या.

"मी प्रश्न मागे घेतला होता," आत्या म्हणाली.

"हो."

"मग तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"तू मागे घेतलास म्हणून तर करावा लागला. विचारला असतास तर मी टाळलं असतं."

आत्याने यावर विचार केला. "टाळलं असतंस?"

"छान टाळलं असतं. तयारी केली होती."

"गाढव आहेस," ती म्हणाली आणि जिना चढताना कठड्याऐवजी तिने त्याचा हात धरला.

गोदामावर तो एकटा गेला. रविवारी फोन येई. आत्या हवा विचारी, जेवण विचारी, खोकला विचारी. खाटांबद्दल चकार शब्द नाही. फोनही घरातलाच होता. सुट्ट्या लागल्यावर ती आणि बायको आगगाडीने त्याच्याकडे गेल्या. धुळीबद्दल संचालकबाईंनी काही वाढवून सांगितले नव्हते. राहायला एक खोली आणि मागे मोरी. त्याने बायकोसाठी शेजाऱ्याचा पलंग मागून आणला होता. आत्यासाठी कोपऱ्यात तसलीच एक खाट उघडून ठेवली होती, वर धुतलेली चादर.

"सरकारी मालमत्ता आहे," तो म्हणाला. "नाकारलेल्या मालातली. सही करून आणलीय."

आत्या तिच्यावर आडवी झाली, टाचा टोकाला टेकवून बघितल्या आणि दुपारभर गाढ झोपली.

जेवताना खिडकीतून गोदामाची लांबलचक छपरे दिसत होती. आत्याने तिकडे एकदा पाहिले, मग आपल्या ताटात पाहिले. पाण्याचा पेला उगीच इकडचा तिकडे केला. बायको बघत होती. आत्या विचारणार नव्हती. जीव गेला तरी नाही.

भाच्याने हात पुसले.

"आत्या," तो म्हणाला, "या खाटांच्या गाद्या दुसऱ्या कंत्राटदाराकडून घेतल्यात. पलीकडच्या छपराखाली आहेत. मी काल एक उलगडली."

बायकोने चमचा खाली ठेवला.

"पूर्ण लांबीची आहे," तो म्हणाला. "खाटेवर टाकली तर पायाकडून जमिनीवर लोंबते. दोन्हीकडे सीलबंद नमुना, दोन्ही माल बरोबर. आणि उशांच्या खोलीची किल्ली अजून मला कुणी देत नाहीये."

"भांडी," बायको म्हणाली.

"माहितेय." तो उठून बाह्या दुमडू लागला. त्याने तिघांची ताटे एकावर एक ठेवली, पातेले उचलले आणि मोरीकडे निघाला.

आत्या टेबलाला धरून उठली. "उशीची किल्ली कुणाकडे असते?"

"आत्या!" बायको म्हणाली.

"तो घासेल, मी विसळते," आत्या म्हणाली आणि पदर खोचून त्याच्या मागोमाग गेली.

मोरीतून नळाचा आवाज येऊ लागला. त्यात मधेमधे "नाही, तो निरीक्षक वेगळा", "अगं, त्याचीही चिठ्ठी आहेच" असे काहीबाही ऐकू येत होते. बायकोने आपला चहाचा कप घेतला, बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि जाताना दार ओढून घेतले.